एमपीएमएस-३ स्क्विड मॅग्नेटोमीटर: आकडा बरोबर, पण कशाचा?

कंडेन्स्ड मॅटर फिजिक्समध्ये (घन आणि द्रव पदार्थांच्या भौतिकशास्त्रात) गेल्या चाळीस वर्षांत जे जे गाजलं, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा चुंबकीय पुरावा स्क्विड मॅग्नेटोमीटरने, म्हणजे अतिवाहक (रोधाशिवाय वीज वाहणाऱ्या) कड्याच्या मदतीने अतिक्षीण चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्राने, दिला. जे गाजून नंतर आपटलं, त्यातल्याही बऱ्याच गोष्टींचा पुरावा याच जातीच्या यंत्रातून निघाला होता. त्यामुळे संवेदनशीलतेचं कौतुक इथे थोडक्यात आटोपलं आहे. त्या संवेदनशीलतेपायी होणाऱ्या घोटाळ्यांना जास्त जागा दिली आहे. परीक्षणासाठी डोळ्यांसमोर क्वांटम डिझाइन कंपनीचं एमपीएमएस-३ आहे. जुन्या एमपीएमएस-एक्सएलवर काम करणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

कागदावरची कुंडली अशी: तापमान १.८ ते ४०० केल्विन, चुंबकीय क्षेत्र दोन्ही दिशांना ७ टेस्लापर्यंत, आणि शून्य क्षेत्राजवळ संवेदनशीलता ०.०१ मायक्रो-ईएमयू, म्हणजे एका ईएमयूचा दहा कोटीवा भाग (ईएमयू हे चुंबकीय मोमेंटचं, म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं, एकक). ओव्हन जोडला तर १००० केल्विनपर्यंत जाता येतं. एसी ससेप्टिबिलिटीचा (बदलत्या क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो ते मोजण्याचा) पर्याय घेतला तर ०.१ हर्ट्झ ते १ किलोहर्ट्झ. हे आकडे खरे आहेत, आणि यंत्र नीट ठेवलं तर ते गाठतंही. तक्रार आकड्यांबद्दल नाही.

आत काय चालतं ते समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जोसेफसनने १९६२मध्ये दोन अतिवाहकांमधल्या पातळ अडथळ्यातून विद्युतप्रवाह कसा जाईल हे सांगितलं, आणि १९६४मध्ये फोर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यावर आधारलेलं पहिलं स्क्विड तयार झालं. मॅग्नेटोमीटरमध्ये सॅम्पल या स्क्विडच्या जवळपासही जात नाही. ते वरखाली होतं पिक-अप कॉइलमधून. या कॉइलला चार वेढे असतात: वरचा एक सुलट, मधले दोन उलट, खालचा एक पुन्हा सुलट. या रचनेमुळे बाहेरच्या एकसमान क्षेत्रातले चढउतार आपसात कटतात आणि कॉइलमधून सरकणाऱ्या छोट्या चुंबकाचा परिणाम तेवढा उरतो. तो परिणाम अतिवाहक तारेतून स्क्विडपर्यंत पोहोचतो. पडद्यावर मधोमध उंच शिखर आणि दोन्ही बाजूंना उलटे खड्डे असा वक्र दिसतो. सॉफ्टवेअर त्या वक्रावर एका बिंदूएवढ्या द्विध्रुवाचं गणित बसवतं आणि त्यातून ‘मोमेंट’चा आकडा काढतं.

म्हणजे यंत्राने खरोखर मोजला तो कॉइलमधला फ्लक्स (तिच्यातून जाणारं एकूण चुंबकीय क्षेत्र). तो तुमच्या सॅम्पलमुळे आला, सॅम्पल बिंदूएवढं आहे, ते बरोबर मध्यावर आहे आणि क्षेत्र तुम्ही सांगितलं तेवढंच आहे, ही चारही गृहीतकं वापरणाऱ्याच्या माथी आहेत. पुढचे बहुतेक घोटाळे यांतलं एखादं गृहीतक मोडल्यावरच होतात.

या क्षेत्राची वाढ आणि या यंत्राचा प्रसार एकमेकांना धरून झाला. १९८६मध्ये बेडनॉर्ट्झ आणि म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडमधली अतिवाहकता जाहीर केली, आणि १९८७मध्ये ९३ केल्विनला अतिवाहक होणारा वायबीसीओ (इट्रियम, बेरियम आणि तांब्याचं ऑक्साइड) आला. रोज नवं रसायन भट्टीतून बाहेर पडू लागलं, तेव्हा रोध शून्यावर आला एवढं सांगून भागेना. चार तारांच्या मापनात एखादा बारीक धागा अतिवाहक झाला तरी रोध शून्य दिसतो, आणि एखादा जोड सुटला तरीही तसंच दिसू शकतं. पदार्थ चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो का, हे दाखवावंच लागे. पुढे मॅग्नेशियम डायबोराइड (२००१, ३९ केल्विन), लोहाधारित अतिवाहक (२००८, २६ केल्विन) आणि २०१५मधला १५० गिगापास्कलच्या आसपास दाबलेला हायड्रोजन सल्फाइड (२०३ केल्विन) या सगळ्यांच्या मागे हीच मागणी होती. शेवटच्या प्रयोगात तर हिऱ्यांचा अख्खा दाबयंत्र-संचच मॅग्नेटोमीटरमध्ये घातला होता. त्यासाठी तो अचुंबकीय मिश्रधातूचा आणि यंत्राच्या अरुंद नळीत मावेल इतका लहान बनवावा लागला.

अतिवाहकतेच्या बाहेरही तेच. एकेका रेणूत चुंबक साठवणारे मँगनीज-१२सारखे पदार्थ १९९३नंतर चर्चेत आले आणि १९९६मध्ये त्यांच्या हिस्टेरेसिस वक्रात (क्षेत्र वाढवत-कमी करत काढलेल्या चुंबकत्वाच्या आलेखात) पायऱ्या दिसल्या. त्या सुमारे अर्ध्या टेस्लाच्या अंतराने येतात, त्यामुळे मापनाची क्षेत्रपायरी हजार एर्स्टेड ठेवली तर पायऱ्यांचे कोपरे गोल होतात आणि २०० एर्स्टेड ठेवली तर नीट दिसतात. (१ टेस्ला म्हणजे १०,००० एर्स्टेड.) नंतर आले क्वांटम स्पिन लिक्विडचे (अतिथंड करूनही ज्यांच्या अणुचुंबकांची ओळ लागत नाही अशा पदार्थांचे) उमेदवार. त्यांत हे यंत्र शोधापेक्षा चाळणी म्हणून जास्त उपयोगी पडतं. अल्फा-रुथेनियम क्लोराइडचं उदाहरण घ्या. चांगला स्फटिक थंड करत नेला की त्याच्या ससेप्टिबिलिटीत ७ केल्विनच्या आसपास एकच वळण येतं. १४ केल्विनजवळ दुसरं वळण दिसलं तर थरांची रचना बिघडली आहे असं समजावं. हे स्फटिक मऊ आणि पापुद्र्यांचे असतात. कापताना वाकवला, चिमट्यात दाबला, तरी बिघडतो. महागड्या न्यूट्रॉन प्रयोगाला पाठवण्याआधी २ ते २० केल्विनमधलं एक मापन केलं की कुठला स्फटिक पाठवायचा ते कळतं. या कामासाठी यंत्राला पैकीच्या पैकी गुण.

आता फसलेल्या गोष्टींकडे. २००४मध्ये हाफ्नियम डायऑक्साइडच्या पातळ थरांत खोलीच्या तापमानाला फेरोमॅग्नेटिझम (लोखंडासारखं टिकणारं चुंबकत्व) असल्याचं ‘नेचर’मध्ये छापून आलं. या पदार्थात चुंबकत्व यावं असा एकही नेहमीचा अणू नाही. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने दाखवलं की स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने पकडलेल्या थरांत तसाच सिग्नल येतो आणि चिमटा न लावलेल्यांत येत नाही. त्याआधी २००१मध्ये कार्बनच्या गोलाकार रेणूंपासून बनवलेल्या पॉलिमरमध्ये चुंबकत्व सापडल्याचा दावा झाला होता. तो शोधनिबंध २००६मध्ये मागे घेतला गेला, कारण सॅम्पलमध्ये लोखंड होतं. झिंक ऑक्साइडमध्ये कोबाल्ट किंवा मँगनीज मिसळून खोलीच्या तापमानाचा चुंबकीय अर्धवाहक करण्याची लाट २०००नंतर बरीच वर्षं चालली. तिच्यातले कित्येक निकाल पुन्हा हाती लागले नाहीत.

एवढे अनुभवी लोक कसे फसले? हिशेब करून पाहा. लोखंडाचं संपृक्त चुंबकत्व दर ग्रॅमला सुमारे २१८ ईएमयू असतं. म्हणजे एक नॅनोग्रॅम लोखंड ०.२२ मायक्रो-ईएमयू देतं. यंत्राची मर्यादा ०.०१ मायक्रो-ईएमयू, म्हणजे हा सिग्नल मर्यादेच्या वीसपट. एक नॅनोग्रॅम लोखंडाचा घन केला तर त्याची बाजू येते जेमतेम ५ मायक्रॉन. डोळ्याला न दिसणारा हा कण पडद्यावर सुबक, बंद, संपृक्त होणारा हिस्टेरेसिस वक्र काढून देतो, आणि त्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं.

म्हणून सॅम्पल बसवण्याची शिस्त हाच या यंत्राच्या वापराचा निम्मा भाग आहे. चिमटे प्लास्टिकचे किंवा टायटॅनियमचे. कापायला सिरॅमिक पातं किंवा काचेची धार. स्टीलच्या पात्याने कापलेला सब्स्ट्रेट (ज्यावर पातळ थर वाढवतात तो तुकडा) कडेला लोखंड घेऊनच येतो. त्याला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात धुवून, सॅम्पलला चालत असेल तरच, पुन्हा मोजावं. सिग्नल आम्लाने कमी झाला तर उत्तर मिळालं. सब्स्ट्रेटच्या मागच्या बाजूला राहिलेली सिल्व्हर पेंट ही आणखी एक ठरलेली गुन्हेगार. थर वाढवताना हीटरला चिकटवलेली ती खरवडून नाही, तर विरघळवून काढावी. कॅप्टॉन टेपचा तुकडा वापरायचाच असेल तर सगळ्या मापनांत त्याच रोलचा, तेवढ्याच लांबीचा वापरा, आणि त्याचं रिकामं मापन आधी करा.

होल्डर तीन प्रकारचे मिळतात: क्वार्ट्झची चपटी पट्टी, पितळेची अर्धनळी आणि साधी पारदर्शक प्लास्टिकची स्ट्रॉ. पातळ थरांना क्वार्ट्झ चांगली, जीई वार्निशचा (थंडीतही धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब पुरतो. दाब देऊन घट्ट धरायच्या गोष्टींना पितळ. स्ट्रॉ स्वस्त म्हणून हिणवली जाते, पण लांबलचक आणि एकसारखी असल्याने ती कॉइलमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखीच असते, म्हणून तिचा स्वतःचा सिग्नल जवळजवळ कटतो. घोळ होतो तो स्ट्रॉला भोक पाडलं, मध्ये कापसाचा बोळा घातला किंवा टेप गुंडाळली की. तेवढ्या जागचं वस्तुमान कमीजास्त झालं आणि तिथे एक खोटा द्विध्रुव तयार झाला.

भुकटी जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये भरतात. ती सैल ठेवली तर मोठ्या क्षेत्रात कण फिरून आपला सोपा अक्ष (ज्या दिशेला चुंबकित होणं सोपं ती दिशा) क्षेत्राच्या दिशेला वळवतात, आणि सरासरी घेतलेला आकडा सरासरीचा राहत नाही. वितळवलेलं आयकोसेन (मेणासारखा पदार्थ) ओतून कण जागेवर बसवता येतात. मात्र ते ३१० केल्विनच्या आसपास वितळतं, त्यामुळे ३००च्या वर जायचं असेल तर दुसरा उपाय शोधावा लागेल. कॅप्सूलला सुईने बारीक भोक पाडायला विसरू नका. नाहीतर आतली हवा अडकून राहते, आणि मग पुढच्या परिच्छेदात सांगितलेला पाहुणा येतो.

तो पाहुणा म्हणजे ऑक्सिजन. ऑक्सिजनचा रेणू स्वतः चुंबकीय असतो. तो ५४.४ केल्विनला गोठतो आणि ४३.८ केल्विनला त्याची घन रचना बदलते. चेंबरमध्ये हवा गळत असेल किंवा सॅम्पलला चिकटून आली असेल तर तापमान-मोमेंटच्या वक्रात ४० ते ६० केल्विनमध्ये एक उंचवटा दिसतो. झिरो-फील्ड-कूल्ड (क्षेत्राविना थंड करून मोजलेला) आणि फील्ड-कूल्ड (क्षेत्रात थंड करून मोजलेला) हे वक्र तिथेच थोडे फाटतात, आणि नवशिक्याला वाटतं आपल्याला नवा चुंबकीय टप्पा सापडला. नव्या पदार्थाचं संक्रमण नेमकं ४५ किंवा ५० केल्विनला आलं तर आधी हवेवर संशय घ्या. चेंबर ३०० केल्विनला तीन-चारदा हेलियमने धुवून उपसायचं, सॅम्पल सहन करत असेल तर ३५० केल्विनला अर्धा तास ठेवायचं, आणि मग पुन्हा मोजायचं. उंचवटा मापनागणिक वाढत असेल तर वरच्या सीलच्या ओ-रिंगवर केस किंवा धूळ आहे का ते बघा. थंड चेंबर कधीही उघडू नये. एकदा आत गेलेला बाष्पाचा थर काढायला अख्खा दिवस जातो.

सब्स्ट्रेटचा प्रश्न वेगळा आहे, कारण तो खोटा सिग्नल नसून खरा, पण नको असलेला सिग्नल असतो. ५ बाय ५ मिलिमीटर आणि अर्धा मिलिमीटर जाडीचा सिलिकॉनचा तुकडा १ टेस्लाला उणे ३० मायक्रो-ईएमयूच्या घरात सिग्नल देतो. त्यावरचा १० नॅनोमीटरचा थर घनसेंटिमीटरला १०० ईएमयू इतका चुंबकीय असला तरी त्याचा सिग्नल येतो २५ मायक्रो-ईएमयू. ७ टेस्लाला सब्स्ट्रेट थराच्या जवळजवळ नऊपट होतो. मोठ्या क्षेत्रातल्या सरळ रेषेचा उतार वजा करण्याची सर्रास पद्धत आहे, पण ती सब्स्ट्रेटमध्ये अशुद्धी नाहीत असं धरून चालते. कमी तापमानाला अशुद्धींचा पॅरामॅग्नेटिक (क्षेत्र असेपर्यंतच चुंबकित होणारा) वाकलेला भाग येतो आणि उतार वजा केल्यावर उरलेला ‘एस’ फेरोमॅग्नेटसारखा दिसतो. त्याच बॅचचा कोरा सब्स्ट्रेट, थर वाढवताना जितका तापला तितकाच तापवून, वेगळा मोजावा हे उत्तम.

इथेच सॉफ्टवेअरबद्दल. मल्टिव्ह्यू वापरायला सोपं आहे आणि मापनांची मालिका लिहून रात्रभर सोडून देता येते. पण कच्चा डेटा साठवायचा पर्याय आपण स्वतः चालू करावा लागतो, आणि तो न करणं ही या यंत्रावरची सर्वात महागडी आळशीपणाची सवय आहे. थराचा धन आणि होल्डरचा ऋण सिग्नल जवळपास सारखे झाले की वक्राचं शिखर चपटं होतं, दोन द्विध्रुव किंचित वेगळ्या जागी असतील तर वेडावाकडा आकार येतो, आणि फिटिंग भलत्याच जागी मध्य शोधतं. डीसी स्कॅनच्या फाइलमध्ये मध्य पक्का धरून काढलेली आणि मध्य मोकळा सोडून काढलेली अशा दोन फिटिंगचे आकडे वेगवेगळ्या रकान्यांत असतात. दोन्ही रकाने शेजारी ठेवा. ते एकमेकांपासून दूर जाऊ लागले की त्या तापमानाचा कच्चा वक्र उघडून बघायची वेळ झाली. क्षीण सिग्नलसाठी अंतिम मोमेंट वजा करण्याऐवजी कच्चे वक्र बिंदूगणिक वजा करून मग स्वतः फिट करावेत.

मापनाच्या दोन पद्धतींपैकी व्हीएसएम (कंपन करणाऱ्या सॅम्पलचं मापन) वेगवान आहे: सॅम्पल १४ हर्ट्झच्या आसपास थरथरतं आणि काही सेकंदांत बिंदू मिळतो. डीसी स्कॅनमध्ये सॅम्पल काही सेंटिमीटर सावकाश सरकतं. दिवसाकाठी जास्त सॅम्पल मोजायची म्हणून सगळं व्हीएसएमवर टाकण्याकडे कल असतो. पण लांबट किंवा पसरट सॅम्पलला व्हीएसएमच्या आकड्यात कंपनाच्या आवाक्यानुसार फरक पडतो. त्याच सॅम्पलला १ मिलिमीटर आणि ५ मिलिमीटर आवाक्याने मोजून बघा. आकडे जुळले नाहीत तर सॅम्पल बिंदूएवढं नाही. निरपेक्ष मूल्य छापायचं असेल तर त्याच आकाराच्या ज्ञात सॅम्पलवर गुणक काढावा. अतिवाहकाच्या बाबतीत तर थरथरणंच घातक. क्षेत्र जागोजागी किंचित वेगळं असतं, सॅम्पल हलताना त्याला दर फेरीत छोटा क्षेत्रबदल सोसावा लागतो, आणि त्यातले अडकलेले फ्लक्सचे भोवरे त्या बदलाची नोंद ठेवतात. वक्राचा आकारच बिघडतो. अतिवाहकाला डीसी स्कॅन, तोही आखूड अंतराचा.

सर्वात जास्त लोक फसतात ते मात्र क्षेत्राच्या आकड्यावर. पडद्यावर दिसणारं क्षेत्र हे चुंबकातल्या विद्युतप्रवाहावरून काढलेलं असतं, सॅम्पलच्या जागी मोजलेलं नसतं. चुंबक स्वतः अतिवाहक तारेचा आहे, त्यामुळे ७ टेस्लावरून शून्यावर आणल्यावर त्याच्या वेढ्यांत थोडा फ्लक्स अडकून राहतो. सॅम्पलच्या जागी तो १० ते ३० एर्स्टेडचं, आधीच्या क्षेत्राच्या उलट दिशेचं क्षेत्र सोडून जातो. परिणाम गमतीदार असतात. पूर्णपणे पॅरामॅग्नेटिक सॅम्पलचा हिस्टेरेसिस वक्र उघडतो, तोही उलटा, म्हणजे क्षेत्र उतरताना मोमेंट शून्य होण्याची जागा धन बाजूला. सूक्ष्मकणांच्या शोधनिबंधांत २० एर्स्टेडची ‘कोअर्सिव्हिटी’ (चुंबकत्व शून्यावर आणायला लागणारं उलटं क्षेत्र) दिसली की हा प्रश्न विचारायलाच हवा. अतिवाहकाचं प्रकरण त्याहून वाईट. उणे २० एर्स्टेड शिल्लक असताना तुम्ही १० एर्स्टेड मागितलं तर प्रत्यक्षात मिळतं उणे १०. मोमेंट धन येतो, आणि अतिवाहक क्षेत्राला आत ओढतोय असं चित्र तयार होतं.

उपाय अवघड नाहीत. क्षेत्र शून्यावर आणताना ऑसिलेट पद्धत निवडायची, म्हणजे चुंबक दोन्ही बाजूंना झोके घेत कमी होत जातो आणि शिल्लक काही एर्स्टेडवर येते. त्याहून स्वच्छ हवं असेल तर मॅग्नेट रिसेट: चुंबकाला क्षणभर तापवून अतिवाहकतेच्या बाहेर काढलं की अडकलेला फ्लक्स निघून जातो, थोडं हेलियम खर्ची पडतं. खरं क्षेत्र जाणून घ्यायला पॅलेडियमचा ठोकळा ठेवा. त्याची ससेप्टिबिलिटी खोलीच्या तापमानाला दर ग्रॅमला दर एर्स्टेडला ०.०००००५२५ ईएमयू आहे. पाव ग्रॅमचा तुकडा प्रत्येक एर्स्टेडमागे १.३ मायक्रो-ईएमयू देतो, तेव्हा एक एर्स्टेडही आरामात पकडता येतो. तुमच्या सॅम्पलसाठी वापरलेली क्षेत्रांची मालिका जशीच्या तशी पॅलेडियमवर चालवायची आणि मिळालेलं खरं क्षेत्र आडव्या अक्षावर घालायचं. एक रात्र जाते, पण निम्मे शोध तिथेच संपतात.

अतिवाहकाच्या टक्केवारीबद्दल थोडं. एक घनमिलिमीटर सॅम्पलने १० एर्स्टेडचं क्षेत्र पूर्ण अडवलं तर सुमारे उणे ८०० मायक्रो-ईएमयू यायला हवेत. हे आकारसुधारणा न करता. पातळ चकती क्षेत्राला आडवी धरली आणि तिचा डिमॅग्नेटायझेशन गुणक (आकारामुळे सॅम्पलवरचं क्षेत्र किती बदलतं ते सांगणारा आकडा) ०.९ असला तर दिसणारा आकडा दहापट होतो, आणि ‘शिल्डिंग १००० टक्के’ असं हास्यास्पद वाक्य तयार होतं. चकती क्षेत्राला समांतर ठेवली की सुधारणा लहान राहते. आणि १०० टक्के शिल्डिंग म्हणजे अख्खा गाभा अतिवाहक असंही नाही. दाण्यांभोवती पातळ अतिवाहक साल असली तरी क्षेत्र आत जात नाही. गाभ्याबद्दल बोलायचं तर विशिष्ट उष्णता मोजावी लागते, आणि ते काम या यंत्राचं नाही. २०२३च्या उन्हाळ्यात खोलीच्या तापमानाला अतिवाहक असल्याचा दावा झालेल्या एलके-९९चा गाजावाजा झाला तेव्हा अर्धवट तरंगणाऱ्या तुकड्यांच्या चित्रफिती फिरल्या. दाव्याचा पुरावा म्हणून दाखवलेली रोधातली उडी कॉपर सल्फाइडच्या १०४ अंश सेल्सियसजवळच्या रचनाबदलातून येत होती, आणि स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत वाढवलेले शुद्ध स्फटिक पारदर्शक आणि विद्युतरोधक निघाले. शुद्ध टप्पा वेगळा करून मोजणं हाच त्यावरचा तोडगा होता, आणि तो काही आठवड्यांत झाला, हे या क्षेत्राच्या तब्येतीचं लक्षण म्हणायला हरकत नाही.

देखभालीत सगळ्यात त्रासदायक जागा म्हणजे हेलियम आत सोडणारी अरुंद केशनळी. ४.२ केल्विनच्या खाली जाण्यासाठी हेलियम तिच्यातून हळूहळू येतं. हेलियम भरताना नळी आधी वायूने धुतली नाही तर हवा आत जाऊन तिथे गोठते. यंत्र १.८ केल्विनला पोहोचत नाही, किंवा पोहोचून टिकत नाही. लक्षण ओळखलं की तिचा हीटर चालवून अडथळा वितळवायचा. नाही सुटला तर अख्खं यंत्र खोलीच्या तापमानाला आणावं लागतं. हेलियमचा द्रव पुन्हा तयार करणारी आवृत्ती घेतली तर भरण्याची कटकट जवळजवळ संपते, मात्र कॉम्प्रेसरला चोवीस तास वीज आणि थंड पाणी लागतं. पाणी बंद पडलं की काही मिनिटांत कॉम्प्रेसर थांबतो. खोलीत ऑक्सिजनचा सेन्सर हवाच: एक लिटर द्रव हेलियमचा साधारण ७५० लिटर वायू होतो.

मग हे यंत्र कोणी घ्यावं? नवे पदार्थ बनवणाऱ्या गटाला पर्याय नाही. मिलिग्रॅमभर फेरोमॅग्नेट मोजणाऱ्यांना स्क्विड नसलेलं साधं व्हीएसएम यंत्र पुरतं. त्याची मर्यादा १ मायक्रो-ईएमयूच्या आसपास असते आणि ते झटपट चालतं. चुंबकत्व कुठल्या मूलद्रव्याचं आहे हा प्रश्न असेल तर सिंक्रोट्रॉनवरचं क्ष-किरण डायक्रोइझम हवं. एकेका थराच्या पदार्थांसाठी मात्र इथे रांग लावू नये. क्रोमियम ट्रायआयोडाइडचा १० मायक्रॉन बाय १० मायक्रॉनचा एक थर पूर्ण चुंबकित झाला तरी ०.००००१४ मायक्रो-ईएमयू देतो, म्हणजे मर्यादेच्या सातशेव्या भागाएवढा. २०१७मध्ये त्या एका थरातलं चुंबकत्व दाखवलं गेलं ते परावर्तित प्रकाशाच्या केर परिणामातून (चुंबकित पृष्ठभागावरून परतताना प्रकाशाचं ध्रुवीकरण फिरतं त्यातून), आणि ते ४५ केल्विनपर्यंत टिकलं. अशा कामात मॅग्नेटोमीटरवर मोठा स्फटिक मोजून त्याचं ६१ केल्विनचं संक्रमण तीक्ष्ण आहे ना एवढं पाहावं, आणि त्यातूनच सोललेला पापुद्रा प्रकाशाच्या टेबलावर न्यावा.